हंडा भरतो, हंडी फुटते

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. 'माझी आजी' या निबंधात तिने लिहिलं, 'आजी लहानपणी विहिरीवरून डोक्यावर पाण्याची हंडी आणायची.' बाईंनी 'हंडी'खाली लाल रेघ मारली, वर 'हंडा' लिहिलं आणि अर्धा गुण कापला. मुलगी म्हणते, हंडी म्हणजे लहान हंडा. आजी तेव्हा लहान होती, तर तिचं भांडंही लहानच असणार, मग चुकलं काय? मला उत्तर देता आलं नाही. हंडा आणि हंडी यांत आकाराखेरीज काही फरक आहे का?
– एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, आधी लेकीची पाठ थोपटा. तिने पाठांतरातलं काही लिहिलेलं नाही, मराठीचा एक नियम ओळखून तो वापरून पाहिला आहे. पुल्लिंगी 'आ'च्या जागी स्त्रीलिंगी 'ई' आली की वस्तू लहान होते, हे तिला कुणी शिकवलंही नसेल, कानावर पडून पडून कळलेलं असेल. सुरा-सुरी, लोटा-लोटी, टोपला-टोपली. नियम खराच आहे. पण शब्द रोजच्या वापरात पडले की ते नियमाच्या चौकटीत राहतातच असं नाही. तुम्ही मुलुंडच्या, तुम्हाला स्टेशनवरचं उदाहरण देते. बैल जोडायचा तो 'गाडा', आणि फलाटावर येणारी १५ डब्यांची लोकल 'गाडी'. इथे लहान कोण?

आणि त्या गाडीला जे जोडलेले असतात ते 'डबे'. १८९० पासून या शहरात डबेवाले जेवण पोहोचवत आहेत, तोही 'डबा'. नर्सरीतल्या पोराच्या दप्तरात अर्धी पोळी मावेल एवढं भांडं असलं तरी आई त्याला डबाच म्हणते. 'डबी' कुंकवाची, तपकिरीची, चुन्याची. पोळीभाजी डबीत कधीच जात नाही. तेव्हा डबा-डबीतला फरक आकारापाशी सुरू होतो आणि आत काय ठेवलं आहे तिथे जाऊन थांबतो.

हंडा आणि हंडी यांचं अंतर तर त्याहून जास्त आहे. मी वर्गात मुलींना एक युक्ती सांगायचे, तीच तुमच्या लेकीला सांगा. दोन नावांतला फरक कळेना की त्यांच्यामागे कोणती क्रियापदं येतात ती बघायची. हंडा लावतात, भरतात, उचलतात, डोक्यावर घेतात, उतरवतात, रात्री घासून पालथा घालतात. हंडी चुलीवर चढवतात, शिंक्यात ठेवतात, बांधतात, टांगतात, फोडतात. दोन्ही याद्यांत एकही क्रियापद सामाईक नाही. मग ती वस्तू एकच, फक्त लहानमोठी, असं कसं म्हणता येईल?

हंड्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मी त्याच्याजवळ वाढले. लालबागला आमची चाळ होती. मजल्यावर सामाईक नळ, पाणी पहाटे यायचं. नळाला पाणी यायच्या बऱ्याच आधी हंडे रांगेत असायचे, माणसं मागाहून यायची. 'माझा हंडा लावलाय' एवढं म्हटलं की त्या बाईचा नंबर पक्का, मग ती घरात जाऊन चहा टाकायला मोकळी. रांगेत वीस हंडे सारखे दिसणार, म्हणून प्रत्येकावर खूण. काहींवर लग्नात मिळाल्याची तारीख आणि नाव कोरलेलं, काहींच्या बुडाला ऑइलपेंटने खोलीचा नंबर. कुणाचं लग्न कधी झालं, माहेर कुठलं, सासऱ्यांचं नाव काय, हे मी त्या वयात हंड्यांवरून वाचलं. माझ्या वाचनाची ती पहिली पाटी होती, असं आजही मनापासून वाटतं.

हंड्याची घडण त्या कामासाठीच असते. पोट मोठं, तोंड रुंद, म्हणजे नळाची धार इकडे-तिकडे न जाता आत पडते आणि वरून तांब्या बुडवून पाणी काढता येतं. काठ बाहेर वळलेला, उचलताना बोटं अडकवायला. घरगुती हंड्यात साधारण १५ ते २० लिटर पाणी मावतं, म्हणजे डोक्यावर तितकेच किलो वजन, वर हंड्याचं स्वतःचं. म्हणून खाली चुंबळ लागते. आता चुंबळ हा शब्दही मुलींना विचारावा लागतो. जुन्या लुगड्याचा पिळा करून तो गोल वळायचा आणि डोक्यावर ठेवायचा, त्यावर हंडा बसतो, हलत नाही. तुमच्या सासूबाई किंवा आई, ज्यांच्यावर निबंध आहे त्या, चुंबळ वळून दाखवू शकतील. मुलीला ती जरूर वळायला लावा.

हंडा धातूचा असतो. पितळेचा, तांब्याचा, पुढे स्टीलचा, आता प्लॅस्टिकचाही. तो पडला तर त्याला पोचा येतो, फुटत नाही. पायधुणीजवळच्या तांबाकाट्याला भांड्यांची दुकानं आहेत, तिथे पितळेचा हंडा वजनावर मिळतो, जुनी मोड दिली की तिचे पैसे वजा होतात. कोकणात न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचा मोठा हंडा कायमचा बसवलेला असतो. म्हणजे हंडाही चुलीवर चढतो की, असं तुमची मुलगी विचारेल, आणि तिने विचारावंच. तिला सांगा, हंड्यात पाणी तापतं, हंडीत अन्न शिजतं. पाण्याचा हंडा बाहेरून चिंचेने घासला की झालं. तांब्यापितळेच्या हंडीत स्वयंपाक करायचा तर तिला आतून कल्हई लागते, कारण आंबट पदार्थ उघड्या तांब्यापितळेला लागला की कळकतो. कल्हईवाला दारात भट्टी मांडायचा, भात्याने निखारा फुलवायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघायचा, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवायचा. त्याच्यापुढे पातेली, परात, हंडी असे. पाण्याचा हंडा मी त्याच्याकडे नेलेला आठवत नाही.

आता हंडी. संस्कृतात 'हंडिका' म्हणजे मातीचं भांडं, आणि आपल्या हंडीने ती माती अजून सोडलेली नाही. धातूच्या हंड्या असतात, पण 'हंडी' म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते ती गोल बुडाची, गळ्याशी आवळलेली मातीची. बूड गोल, म्हणून ती चुलीच्या तीन दगडांत नीट बसते आणि आच सगळीकडून लागते. तोंड आवळलेलं, म्हणून वाफ आत कोंडते. हंड्याला लागतं रुंद तोंड, हंडीला अरुंद. एकाचं काम पाणी घेणं-देणं, दुसरीचं काम आतलं आत राखणं. हॉटेलच्या मेन्यूत 'चिकन हंडी' आणि 'व्हेज हंडी' का आली, ते यावरून कळतं. मंद आचेवर, तोंड बंद करून, आपल्याच वाफेत शिजवलेलं, असा त्या शब्दाचा दावा आहे. परळच्या कुठल्याही हॉटेलात 'हाफ हंडी' आणि 'फुल हंडी' मागता येते, तिथे हंडी हे माप झालं आहे. ते कालवण प्रत्यक्षात कढईत होत असेल आणि टेबलावर तांब्याचा पत्रा लावलेल्या वाडग्यात येत असेल, तरी शब्दाने चव कुठून आली हे धरून ठेवलं आहे. मला हे आवडतं. भांडं गेलं तरी त्याचं काम नावात राहिलं.

मग हंडी टांगली का जाते? घरात मांजर, मुंग्या, उंदीर. दही-लोणी जमिनीवर ठेवायची सोय नव्हती. तुळईला शिंकं बांधायचं आणि त्यात हंडी ठेवायची. 'शिंकं तुटलं, बोक्याचं फावलं' ही म्हण त्याच शिंक्याची. गोकुळातला कृष्ण सवंगड्यांच्या खांद्यांवर चढून जी फोडायचा तीही शिंक्यातली हंडीच, आणि आपण दरवर्षी गोपाळकाल्याला रस्त्यावर दोर बांधून तेच शिंकं मोठं करून मांडतो. म्हणूनच 'दहीहंडा' असा शब्द मराठीत झाला नाही. १० थरांवरचं भांडं असलं तरी ती हंडीच, कारण ती टांगलेली आहे, तिच्यात दही आहे आणि ती फुटायची आहे. पितळी हंडा वर बांधला असता तर काल्याचा सणच झाला नसता.

इथे आपल्या मुंबईकर कानाला सवयीची असलेली एक गोष्ट मुलीच्या लक्षात आणून द्या. 'मोठा हंडा' म्हणजे पाणी जास्त मावणारा हंडा. 'मोठी हंडी' म्हणजे बक्षीस मोठं असलेली हंडी, मडकं कितीही लहान असो. 'हंड्याची उंची' मोजायची तर बुडापासून काठापर्यंत. 'हंडीची उंची' मोजतात ती रस्त्यापासून. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली ती या दुसऱ्या उंचीवर, आणि बातमी वाचताना एकाही मराठी माणसाला २० फुटांचं मडकं डोळ्यांपुढे आलं नाही. २०१७ मध्ये ती उंचीची अट उठली, १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायची मनाई मात्र राहिली. त्याआधी २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून १३.३४ मीटरचा विक्रम केला होता. या सगळ्यात 'हंडी' शब्दाने भांड्यापेक्षा जागेचा, उंचीचा, पैजेचा अर्थ जास्त घेतला. हंड्याच्या वाट्याला हे कधी आलं नाही.

हंड्याच्या वाट्याला मोर्चा आला. पाण्यासाठी बायका रस्त्यावर येतात तो 'हंडा मोर्चा'. 'हंडी मोर्चा' म्हणून पाहा, जीभ अडखळते. गोरेगावच्या मृणालताई गोरे यांनी वस्त्यांतल्या पाण्यासाठी इतकी वर्षं लढा दिला की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या, त्याच निवडणुकीत इंदिरा गांधी हरल्या, आणि 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा मुंबईभर झाली. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळाने या शहरात आलं, तानसाचं १८९२ मध्ये. तरी आजही डोंगरउतारावरच्या वस्त्यांत बायका हंडे घेऊन खाली उतरतात आणि भरून वर चढतात. रिकामा हंडा वाजवला की त्याचा आवाज दूरवर जातो, तोही मोर्चात कामाला येतो. ही सगळी कहाणी 'हंडा' या शब्दात आहे. बाईंनी लाल रेघ मारली तेव्हा त्यांच्या मनात हेच असणार, पण रेघेला ते सांगता येत नाही. गुण कापण्याऐवजी 'हंडी डोक्यावर घेऊन कोण निघतं?' असं समासात विचारलं असतं तर मुलगी आणखी एक परिच्छेद लिहून आली असती.

आणि त्या प्रश्नाला उत्तर आहे. डोक्यावर हंडी घेऊन निघते ती गौळण. मथुरेच्या बाजारात दही-लोणी विकायला. म्हणजे तुमच्या मुलीच्या वाक्यात आजी पाणी भरायला विहिरीवर न जाता बाजाराच्या वाटेला लागल्यासारखी वाटते. वाक्य कळतं, पण चित्र बदलतं. 'आजी लहान होती म्हणून भांडं लहान' हे तिला सांगायचंच असेल, आणि ती ओळ फार छान आहे, तर तिने 'कळशी' लिहावं. लहान मुलींच्या कडेवर कळशीच दिली जायची.

जाता जाता, मुलगी व्याकरणात रमणारी दिसते म्हणून तिच्यासाठी. हंडा, अनेक हंडे. हंडी, अनेक हंड्या. 'हंड्यात पाणी आहे' म्हटलं तर हंडा, 'हंडीत दही आहे' म्हटलं तर हंडी, इथवर सरळ. पण अनेकवचनाला प्रत्यय लागला की दोघांचं रूप एक होतं : 'हंड्यांमध्ये', 'हंड्यांची'. 'शहरात हंड्यांची गर्दी' असा मथळा तिने मे महिन्यात वाचला तर पाणीटंचाई समजावी, श्रावणात वाचला तर गोपाळकाला. आणि 'हंड्या-झुंबरं' असं जोडीने आलं तर तिसरंच : छताला साखळीने टांगलेले काचेचे दिवे. त्यांनाही हंडीच म्हणतात, आकार तसा आणि टांगणंही तसंच. चोर बाजारात मटण स्ट्रीटच्या दुकानांतून त्या अजून दिसतात, निळ्या, हिरव्या, माणकाच्या रंगाच्या. एखाद्या रविवारी मुलीला घेऊन जा, बघायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : आमच्या घरी आई (माहेर सोलापूर) 'घागर' म्हणते आणि आजी (रत्नागिरी) 'कळशी'. भांडं एकच आहे. बरोबर कोण?
– वाचक, दादर

उत्तर : दोघी. देशावर घागर जास्त चालते, कोकणात आणि त्यामुळे मुंबईत हंडा-कळशी ही जोडी. डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी, अशी ती जोडी बाईच्या अंगावर बसते. कळशी लहान, तिला स्पष्ट गळा असतो, त्यामुळे हात गळ्याभोवती घालून ती कमरेवर टेकवता येते. कलश शब्दाचं ते लाडकं, लहान रूप. घागर पोटाने गोल आणि गळ्याला अरुंद, आकाराने कळशीएवढी किंवा थोडी मोठी. पाणी भरण्यापुरता दोन्ही शब्दांत भेद करायचं कारण नाही.

एका जागी मात्र भेद पक्का आहे. अश्विनातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे रात्री घागर फुंकतात. धुपावर धरलेली घागर दोन्ही हातांत घेऊन तिच्या तोंडावर फुंकर घालायची आणि फेर धरायचा. अरुंद तोंडावरून वारा गेला की आतली हवा घुमते, तो आवाज खोलीभर भरतो. हंड्याचं तोंड रुंद, तो घुमणार नाही. कळशीतून आवाज काढता येईलही, पण 'कळशी फुंकली' असं कुणी म्हणत नाही. आईला आणि आजीला त्या रात्री एकत्र विचारा, दोघीही घागरच म्हणतील.

प्रश्न : तिरुपतीच्या बातम्यांत 'हुंडी' येते. ती हंडीच का? आणि व्यापाऱ्यांची हुंडी ती हीच का?
– वाचक, भायखळा

उत्तर : व्यापाऱ्यांची हुंडी हा कागद. अमुक माणसाला अमुक रक्कम द्यावी, असं एका पेढीने दुसऱ्या पेढीला लिहिलेलं पत्र. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. काळबादेवीच्या कापडबाजारात ती सर्रास चालायची. नरसी मेहतांची हुंडी द्वारकेत श्रीकृष्णाने शामळशा शेठ होऊन वटवली, ती कथा याच हुंडीची. त्या हुंडीचा भांड्याशी संबंध नाही.

तिरुपतीची हुंडी हे मात्र खरंच दान टाकायचं पात्र आहे. तो दक्षिणेकडचा शब्द तिथल्या बातम्यांबरोबर आपल्याकडे येतो. सिद्धिविनायकाच्या किंवा मुंबादेवीच्या बातमीत आपण 'दानपेटी' लिहितो. तिरुपतीबद्दल लिहिताना तिथला शब्द ठेवावा, पण छापताना 'हु'चा उकार तपासून घ्यावा. तो गळला की दानाची रक्कम थेट दहीहंडीत जाते.